पावती कुणाच्या नावावर? देश फुटल्यावर फुटबॉल टीमचं काय होतं, ते ओळखायची माझी पद्धत

१९ नोव्हेंबर २०२५, पहाटेचे सव्वातीन वाजत आले होते. ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर केनी मॅक्लीनने मैदानाच्या मध्याजवळून मारलेला चेंडू डेन्मार्कच्या गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात गेला आणि स्कोअर ४-२ झाला. माझा भाचा पलंगावरून असा काही उडाला की खालच्या मजल्यावरच्या आजींनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. स्कॉटलंड १९९८नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपला निघालं होतं. मी पदराने डोळे पुसत होते. कारटं थोडा वेळ गप्प बसेल तर शपथ.

"आत्या, पण स्कॉटलंड हा देश कुठेय? देश यूके ना? मग उद्या ते यूकेतून फुटले तर ही टीम कुणाची? यांना पुन्हा क्वालिफाय करायला लावणार का?"

त्या वेळी मी "झोप आता" एवढंच म्हणाले. पण प्रश्न चोख होता. माझ्याकडे त्याचं उत्तर काढायची पद्धत आहे, गेली वीसेक वर्षं वापरून घासलेली. मी बॅलार्ड इस्टेटमध्ये एका शिपिंग एजंटाच्या ऑफिसात कागदपत्रांच्या टेबलावर बसते. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाने जाणाऱ्या मालाच्या कागदावर, देशाचं नाव चुकलं की माल बंदरात अडकतो आणि शिव्या मला पडतात. त्यामुळे कुठला देश कधी फुटला आणि कागदावर त्याचं नाव कधी बदललं हे मला ठेवावंच लागतं. फुटबॉल हा माझा छंद आणि देशांची नावं ही माझी रोजीरोटी. दोन्ही एकाच वहीत उतरतात.

वही

साधी दोनशे पानी घ्या. आडवी धरून चार रकाने आखा. पहिल्यात कोण कुठून बाहेर पडलं आणि कधी. दुसऱ्यात पावती कुणाच्या नावावर राहिली. तिसऱ्यात अडकलेल्या मॅच. चौथ्यात खेळाडू. भाचा म्हणतो फोनवर कर. करा बापडे. मला हाताने लिहिल्याशिवाय तारखा लक्षात राहत नाहीत.

आधी देश आणि टीम यांची गाठ सोडा

ही गाठ सुटली नाही तर पुढचं काही कळणार नाही. सोडवायला ग्लासगोला जायची गरज नाही. आपल्या १ मे १९६०कडे बघा. मुंबई राज्य फुटलं, महाराष्ट्र आणि गुजरात झाले. माझ्या आजोबांनी त्या चळवळीत लाठ्या खाल्लेल्या, म्हणून आमच्या घरी 'वेगळं होणं' हा शब्द कुणी हलक्यात उच्चारत नाही. पण त्या दिवशी रणजी ट्रॉफीत काय बदललं? काहीच नाही. मुंबईची टीम होती, महाराष्ट्राची वेगळी होती, गुजरातची होती, बडोद्याची होती आणि विदर्भाचीही होती. राज्य फुटलं, टीम जागच्या हलल्या नाहीत. आजही एका महाराष्ट्र राज्यातून रणजीत मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन टीम उतरतात, आणि मार्च २०२४मध्ये वानखेडेवर फायनल झाली ती मुंबई विरुद्ध विदर्भ. कुणी विचारलं का, एका राज्याच्या दोन टीम फायनलला कशा?

कारण टीम राज्याची नसते, असोसिएशनची असते. फुटबॉलातही तेच.

जगातली पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल मॅच ३० नोव्हेंबर १८७२ला ग्लासगोजवळच्या पार्टिकमध्ये एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर झाली. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, ०-०. दोन्ही टीम एकाच राणीच्या प्रजा. इंग्लंडची संघटना १८६३ची, स्कॉटलंडची १८७३ची, वेल्सची १८७६ची, आयर्लंडची १८८०ची. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा जन्माला आली १९०४ साली, म्हणजे ही चौघं मंडळी आधीच जेवायला बसलेली होती आणि यजमान नंतर आले. इंग्लंड, स्कॉटलंड ही 'देशाची' टीम कशी, असं विचारणं म्हणूनच उलटं आहे. खेळापुरता देश कशाला म्हणायचं, हे फिफाच्या आधी या चौघांनीच ठरवून टाकलं होतं.

पावती बघा

हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा घरातलं सांगते.

आमची माहीमची खोली पागडीची. आजोबा १९८३ला गेले, तरी भाड्याची पावती पुढे कित्येक वर्षं त्यांच्याच नावाने येत होती. स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलेल्या तारेत त्या टोचलेल्या असायच्या. वरची करकरीत, खालच्या तेलकट पिवळ्या, आणि सगळ्यांवर एका गेलेल्या माणसाचं नाव. काका लग्नानंतर डोंबिवलीला गेले. इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार अशी नुसती कुणकुण लागली आणि काका एका रविवारी पेढे घेऊन आले. बोलणी पेढ्यांवरून सुरू होऊन पावतीवर पोचली. खोलीत जन्म दोघांचा, आजोबा दोघांचे, पण राहत होते बाबा, भाडं भरत होते बाबा, आणि शेवटी पावती त्यांच्याच नावावर झाली. काकांनी डोंबिवलीला कर्ज काढून स्वतःचं घर केलं ते वेगळं. त्यात त्यांचा अपमान नव्हता. पण माहीमच्या खोलीचा इतिहास त्यांच्या नावावर गेला नाही.

देश फुटतो तेव्हा फिफात हेच होतं. सोव्हिएत युनियन डिसेंबर १९९१मध्ये संपलं. पावती रशियाच्या नावावर गेली, जुने रेकॉर्डही तिच्याबरोबर. युक्रेनला डोंबिवलीला जावं लागलं. १९९४च्या वर्ल्ड कपची पात्रता फेरी रशिया खेळला, युक्रेन नाही. मग युक्रेनमध्ये जन्मलेल्या आंद्रेई कांचेल्स्कीससारख्याने रशियाचा शर्ट घातला. पावती जिकडे, तिकडे मॅचेस. युगोस्लाव्हियाची पावती सर्बियाकडे आली. क्रोएशियाने नवं घर घेतलं आणि पहिल्याच वर्ल्ड कपात, १९९८ला, तिसरा नंबर काढला. डावोर शुकरचे सहा गोल, स्पर्धेत सगळ्यात जास्त. डोंबिवलीकर काही कमी नसतात.

आता ब्रिटन. आणि इथेच भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. 'ब्रिटन' नावाची पावतीच नाही. चार खोल्या आणि चार पावत्या, त्याही चाळ बांधली तेव्हापासूनच्या. स्कॉटलंड यूकेतून बाहेर पडलं तर फुटबॉलात वाटणी करायला काही नाहीच. फिफाचं सदस्यत्व आधीपासून त्यांच्या असोसिएशनचं, १९९८ला ब्राझीलकडून खाल्लेला स्वयंगोलही त्यांचाच. ब्रिटनच्या चार असोसिएशन वेगवेगळे सदस्य मानल्या जातील, हे फिफाच्या घटनेतच लिहिलेलं आहे. शिवाय खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळात आठ मतं असतात. त्यातली चार फिफाची आणि उरलेली चार या चौघांची, प्रत्येकी एक. नियम बदलायला सहा लागतात. अशी पागडी आता कुणालाही मिळणार नाही.

नव्याने दार ठोठावणाऱ्याचे हाल बघायचे तर कोसोव्हो बघा. फेब्रुवारी २००८मध्ये सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं, फिफात प्रवेश मे २०१६मध्ये. स्पेनमधल्या कॅटलोनियाने वेगळं होण्यासाठी १ ऑक्टोबर २०१७ला सार्वमत घेतलं, पोलिसांनी मतदान केंद्रांवर बळ वापरलं, त्याच दिवशी बार्सिलोना आपल्या रिकाम्या स्टेडियममध्ये लास पाल्मासशी खेळून ३-० जिंकली. कॅटलोनियाची टीम अधूनमधून मैत्रीच्या मॅच खेळते, पण फिफाची पावती नाही. तेव्हा स्कॉटलंड आणि कॅटलोनिया यांना एका दमात मोजणाऱ्याला तिथेच थांबवा. एकाला देश हवाय आणि टीम हातात आहे. दुसऱ्याला दोन्ही हवंय.

एका जागी मात्र ही पद्धत अडखळते, ते आयर्लंड. एका खोलीच्या दोन पावत्या. बेलफास्टची जुनी संघटना १८८०ची. बेट राजकीयदृष्ट्या विभागलं गेलं तेव्हा १९२१ला डब्लिनमध्ये दुसरी निघाली. दोघींचा दावा एकच, आम्ही म्हणजे आयर्लंड. बेलफास्टवाले १९५०पर्यंत सगळ्या बेटावरून खेळाडू उचलत राहिले. १९५०च्या वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत चार खेळाडू चक्क दोन्ही टीमकडून खेळले! मग फिफाने मध्ये पडून बंद केलं. रग्बीत मात्र तिथे आजही एकच टीम आहे, आणि क्रिकेटमध्येही. आयर्लंडसाठी मी वहीत दोन पानं सोडली आहेत, तुम्हीही सोडा.

स्कॉटलंडवाले इतके घाबरट का, हे मुंबईकराला लगेच कळेल

२०१२च्या लंडन ऑलिंपिकला 'ग्रेट ब्रिटन' म्हणून एकच फुटबॉल टीम उतरवायचं ठरलं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी विरोध केला. एकदा एकत्र खेळलो की कुणीतरी म्हणेल, मग कायमचे एकत्रच खेळा की. शेवटी पुरुषांच्या टीममध्ये इंग्लंडचे तेरा आणि वेल्सचे पाच खेळाडू, रायन गिग्ज कॅप्टन. स्कॉटिश एकही नाही. क्वार्टर फायनलला दक्षिण कोरियाकडून पेनल्टीवर हरले आणि टीम विसरली गेली.

भाच्याला ही भीती वेडगळ वाटली. मी त्याला २०१६ची आठवण करून दिली. क्रिकेट मंडळाचा कारभार सुधारायला नेमलेल्या लोढा समितीची 'एक राज्य, एक मत' ही शिफारस सुप्रीम कोर्टाने मान्य केली होती. एका महाराष्ट्रात तीन असोसिएशन, म्हणजे बीसीसीआयमध्ये मत एका वेळी एकालाच, तेही आळीपाळीने. तेव्हा ४१ रणजी करंडक जिंकलेल्या मुंबईचं मत जाणार म्हणून आमच्या लोकलच्या डब्यात बायका सुद्धा चिडल्या होत्या. ऑगस्ट २०१८मध्ये कोर्टानेच ते मागे घेतलं. आता मला सांगा, मुंबईकर त्या दोन वर्षांत घाबरला तो वेडगळ होता का?

अडकलेल्या मॅच

तिसरा रकाना वाचायला सगळ्यात चांगला. देश कॅलेंडर बघून फुटत नाहीत, स्पर्धा कॅलेंडर बघून चालतात. त्यामुळे मधल्यामध्ये काही टीम अशा खेळतात की ज्यांचा देशच उरलेला नसतो.

चेकोस्लोव्हाकिया १ जानेवारी १९९३ला दोन झाला, पण वर्ल्ड कपची पात्रता फेरी अर्धी झालेली. मग 'चेक आणि स्लोव्हाकांचे प्रतिनिधी' अशा नावाने तीच टीम नोव्हेंबर १९९३पर्यंत खेळली. सोव्हिएत युनियन १९९२च्या युरोला पात्र ठरलेलं, ते स्वीडनला पोचलं 'स्वतंत्र राष्ट्रांचा राष्ट्रकुल' म्हणून. जर्मनीशी १-१, हॉलंडशी ०-०, आणि मग शेवटची मॅच ०-३ हरले. समोर कोण होतं? स्कॉटलंड. फुटलेल्या देशाचा शेवटचा निकाल न फुटलेल्या देशाच्या टीमने लावला. ही ओळ मी वहीत लाल पेनने लिहिली आहे.

पण माझी सगळ्यात जवळची मॅच १६ जून २००६ची. मॉन्टेनेग्रोने २१ मेला मतदान केलं. वेगळं व्हायला ५५ टक्के लागत होते, मिळाले ५५.५. ३ जूनला स्वातंत्र्य जाहीर. ९ जूनला जर्मनीत वर्ल्ड कप सुरू. आणि टीम मैदानात उतरली ती 'सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो' याच नावाने, कारण पात्र ठरली होती ती तीच. पात्रता फेरीच्या दहा मॅचमध्ये या टीमने फक्त एक गोल खाल्ला होता. शुक्रवार होता. ऑफिसातून सुटून मी दादरला उतरले. स्टेशनबाहेर टीव्हीच्या दुकानात काचेआड पाच टीव्ही एकसारखेच चालू, बाहेर छत्र्या सावरत उभी माणसं. अर्जेंटिना सहा मारून गेली. सहा! कांबियासोचा तो लांबलचक पासांचा गोल पाचही टीव्हींवर एकदम झाला आणि माझ्या बाजूचा पेपरवाला टाळ्या वाजवायला लागला. मी गोलकीपरकडे बघत होते. द्रागोस्लाव येव्रिच. तो मॉन्टेनेग्रोचा. ज्याचा देश तेरा दिवसांपूर्वीच या टीममधून निघून गेला होता, तोच वाकून वाकून जाळ्यातून चेंडू काढत होता.

सोमवारी मी ऑफिसात बार बंदराच्या मालाचा एक कागद टाइप केला आणि सवयीने देश 'सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो' लिहिला. बार बंदर मॉन्टेनेग्रोचं. सर्बियाला आता समुद्रच नव्हता. तिकडून कागद परत आला, वर दुरुस्तीचा खर्च. साहेब म्हणाले, "तुम्ही तर फुटबॉल बघता ना?" त्या दिवसापासून वहीतला पहिला रकाना मी आधी भरते, मॅच नंतर बघते.

मॉन्टेनेग्रोची स्वतःची पहिली मॅच २४ मार्च २००७ला झाली, हंगेरीला २-१ हरवून. फिफाचं सदस्यत्व मिळालं त्यानंतर, मे महिन्यात.

खेळाडू कुणाचा

हे थोडक्यात. ब्रिटनचा पासपोर्ट एक आणि टीम चार, म्हणून नुसता पासपोर्ट पुरत नाही. खेळाडू स्वतः कुठे जन्मला, आईवडील किंवा आजीआजोबा कुठे जन्मले, शाळा कुठे शिकला, हे बघतात. डेन्मार्कविरुद्ध तिसऱ्या मिनिटाला हवेत उलटं होऊन गोल मारणारा स्कॉट मॅकटॉमिने जन्मला इंग्लंडमधल्या लँकेस्टरला, स्कॉटिश झाला वडिलांमुळे. डेक्लन राइस आयर्लंडकडून तीन मैत्रीच्या मॅच खेळून इंग्लंडला गेला. आपल्याकडे वसीम जाफर मुंबईहून विदर्भाला गेला आणि तिथे रणजी जिंकला, तसंच. फक्त इथे एनओसी लागते, तिथे आजी.

स्कॉटलंड वेगळं झालं तर खरी कटकट इथे होईल. एका पासपोर्टचे दोन होतील, आणि लँकेस्टरसारख्या गावात जन्मलेल्या पोरांना एक अर्ज जास्त भरावा लागेल. पण आजीचं गाव बदलत नाही.

दोन युनियनची सरमिसळ करू नका

चहावर गप्पा निघाल्या की निम्मे लोक ब्रेक्झिट आणि स्कॉटलंडचं स्वातंत्र्य एकत्र कालवतात. एक ब्रिटनचं युरोपियन युनियन सोडणं, दुसरं स्कॉटलंडचं ब्रिटन सोडणं. पहिलं झालं, दुसरं झालेलं नाही.

२३ जून २०१६ला ब्रिटनने ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरवलं. त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये युरो चालू होता. इंग्लंड, वेल्स, उत्तर आयर्लंड तिघंही तिथे. वेल्सचं बहुमत बाहेर पडायच्या बाजूने, आणि त्याच वेल्सचे लोक फ्रान्समध्ये गात होते, बेल्जियमला ३-१ हरवून सेमीफायनलला गेले. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी आत राहायला मत दिलं आणि स्पर्धेला ते पात्रच नव्हते. ज्यांना बाहेर जायचं नव्हतं तेवढेच घरी. इंग्लंड चार दिवसांनी आइसलँडकडून २-१ हरलं. आइसलँडच्या सगळ्या लोकसंख्येपेक्षा आमच्या जी-नॉर्थ वॉर्डात जास्त माणसं राहतात.

या सगळ्याचा राष्ट्रीय टीमच्या पावतीवर काही परिणाम झाला का? नाही. युरोची स्पर्धा युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेची, युरोपियन युनियनची नव्हे. नॉर्वे, स्वित्झर्लंड, तुर्की, आइसलँड, कुणीही युनियनमध्ये नाही, सगळे खेळतात. परिणाम झाला तो क्लबांच्या दारात. फिफाच्या नियमाने अठराच्या आतला खेळाडू दुसऱ्या देशात नेता येत नाही. युरोपियन युनियनच्या आत सोळापासूनची सूट आहे. २००३मध्ये आर्सेनलने सेस्क फाब्रेगासला बार्सिलोनाहून सोळाव्या वर्षी आणलं ते याच सूटीमुळे. १ जानेवारी २०२१पासून इंग्लंडच्या क्लबांना ती बंद. मोठ्या खेळाडूलाही आता गुण मोजून परवाना मिळवावा लागतो, तो फ्रान्सचा असो की ब्राझीलचा. शेजारच्या आयर्लंडमधली पोरंसुद्धा आता अठरा पूर्ण व्हायची वाट बघतात. पूर्वी ती सोळाव्या वर्षी बोटीत बसायची.

तेव्हा वाद घालताना पहिला प्रश्न हा विचारा: बाहेर पडलं कोण, आणि कुठून?

माझं मत, विचारलंत म्हणून

१९ सप्टेंबर २०१४ला सकाळी मी ऑफिसात पेढे घेऊन गेले होते. आदल्या दिवशी स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्यावर सार्वमत झालं होतं. स्कॉटलंड स्वतंत्र होणार अशी माझी खात्री. १९९८च्या पहिल्या मॅचपासून ही टीम धरून बसलेली मी, मला वाटायचं देश झाला की टीम सुधारेल. निकाल आला, ५५.३ टक्के नाही. पेढे तरी वाटलेच, कारण परत नेले असते तर वाटेत उन्हाने गेले असते. संध्याकाळी भाऊ म्हणाला, "अगं, टीम तर त्यांच्याकडे १८७२पासून आहे. मत काय टीमला द्यायचं होतं?" मला तेव्हा राग आला. आता वाटतं तो बरोबर होता, पण पूर्ण बरोबर नव्हता.

स्कॉटिश नेते जिम सिलर्स १९९२ची निवडणूक हरल्यावर आपल्या लोकांना '९० मिनिटांचे देशभक्त' म्हणाले होते. हॅम्पडनला गळा फुटेस्तोवर गायचं आणि मतपेटीपाशी गप्प राहायचं. मला यातला तिरस्कार पटत नाही. स्वतःच्या नावाची टीम आहे म्हणूनच कदाचित काही लोकांना वेगळा देश इतका निकडीचा वाटला नसेल, हे खरं असू शकतं. पण म्हणून ते ९० मिनिटं खोटी ठरत नाहीत. आणि गंमत इंग्लंडची बघा. १९६६च्या फायनलला वेम्बलीवर इंग्लिश लोक ब्रिटनचाच झेंडा हलवत होते. १९९६च्या युरोला तिथेच पांढऱ्यावर लाल क्रॉसवाला इंग्लंडचा झेंडा सगळीकडे. राष्ट्रगीत मात्र अजून ब्रिटनचंच वाजवतात. मोठ्या भावाला आपण वेगळे आहोत हे सगळ्यात शेवटी कळलं.

म्हणून मी आता कुणाच्या स्वातंत्र्याची बाजू फुटबॉलवरून घेत नाही आणि विरोधही करत नाही. तेल, पेन्शन, चलन, जे काय असेल त्यावर त्यांनी ठरवावं. टीमचं भय घालून मत मागणाऱ्याला मात्र माझी वही दाखवते.

आणि हो, बाहेर पडणं हे या चौघांच्या रक्तातच आहे. चौघांनी मिळून फिफा दोनदा सोडलेली. १९२०ला युद्धातल्या शत्रूंशी खेळायचं नाही म्हणून, परत आले, आणि १९२८ला हौशी खेळाडूंना पैसे देण्यावरून पुन्हा. १९४६पर्यंत बाहेर, त्यामुळे पहिले तीन वर्ल्ड कप हुकले. आत आल्यावर १९५०च्या वर्ल्ड कपला ब्रिटनच्या स्पर्धेतल्या पहिल्या दोघांना जागा होती. स्कॉटलंड दुसरं आलं आणि म्हणालं, आम्ही पहिले आलो तरच जाऊ म्हटलं होतं, सबब जात नाही. त्याच वर्ल्ड कपला भारतही गेला नाही. आपल्याकडे अनवाणी पायांची गोष्ट सांगतात. स्कॉटलंडच्या पायात बूट होते, तरी गेले नाहीत.

सराव

वही आखून झाली की स्वतः तीन ओळी भरून बघा. आधी सोपी, चेकोस्लोव्हाकिया. मग कोसोव्हो. मग स्कॉटलंड, पहिल्या रकान्यात तारीख मोकळी ठेवून. भाच्याने त्या रविवारी भरली. 'पावती' खाली त्याने लिहिलं, 'स्वतःची, १८७३'. 'अडकलेल्या मॅच' खाली, 'एकही नाही'. 'खेळाडू' खाली, 'आजीला विचारा'. मी दहापैकी नऊ दिले. १८७३ हा संघटनेचा जन्म, फिफात ते १९१०ला गेले, म्हणून एक कापला.

गेल्या आठवड्यात वही ऑफिसात नेली होती. आमच्या खात्यातले एक सहकारी अमरावतीचे आहेत, वेगळ्या विदर्भाचे जुने पुरस्कर्ते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ती पहिल्या पानापासून चाळली, डब्यातलं पिठलं गार होईपर्यंत. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं स्कॉटलंड राहू द्या. आमची ओळ कुठाय?" मी तिथल्या तिथे आखून दिली. पावती: नागपूर, स्वतःची. अडकलेल्या मॅच: एकही नाही. खेळाडू: जाफर. पहिला रकाना मोकळा सोडला. घरी येऊन बघते तर तारखेच्या जागी त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात '१ मे' लिहिलंय. साल नाही.